तुळस, पुदिना आणि गवती चहा घरी वाळवताना आर्द्रता कशी सांभाळावी

मे महिन्यातील वाळवणाला फारसे शास्त्र लागत नाही. पापड, कुरडया, सांडगे अंगणात किंवा गच्चीवर घातले, कावळ्यांवर लक्ष ठेवले आणि मृगाच्या आत डबे भरले की काम झाले. परसातील सुगंधी पानांचे मात्र नेमके उलट असते. गवती चहाचे बेट सर्वांत दाट होते ते श्रावण-भाद्रपदात, पुदिना पसरतो तो पावसात आणि तुळस मंजिऱ्यांनी लगडते ती पावसाळा सरता सरता. म्हणजे पान भरपूर असते तेव्हा हवा वाळवणाला सर्वांत प्रतिकूल असते, आणि कडक ऊन हाताशी असले तरी ते पानांना घालता येत नाही, कारण उन्हात पानाचा हिरवा रंग आणि वास दोन्ही उडून जातात. ही पाने सावलीतच वाळवावी लागतात, आणि सावलीत वाळवायचे म्हणजे हवेतील आर्द्रतेचा हिशेब ठेवणे भाग पडते.

पाने किती दिवस वाळवावीत, हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे असे माझे मत आहे. पुण्यात जानेवारीत जी तुळस चार दिवसांत चुरचुरीत होते, ती रत्नागिरीत जुलैमध्ये पंधरा दिवस ठेवली तरी वाळत नाही. उलट पाचव्या-सहाव्या दिवशी तिला कुबट वास येऊ लागतो. विचारायचा प्रश्न असा की, पानात आता किती पाणी उरले आहे आणि भोवतालची हवा ते घेण्याच्या स्थितीत आहे का.

त्यासाठी सापेक्ष आर्द्रता ही कल्पना नीट समजून घ्यावी लागते. एक घनमीटर हवा २० अंश सेल्सिअसला साधारण १७ ग्रॅम बाष्प सामावू शकते, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम आणि ४० अंशांना जवळजवळ ५१ ग्रॅम. हवेत प्रत्यक्ष असलेले बाष्प या कमाल क्षमतेच्या किती टक्के आहे, ते म्हणजे सापेक्ष आर्द्रता. त्यामुळे हवेत बाष्प तेवढेच राहिले आणि तापमान वाढले तर ही टक्केवारी उतरते. देशावर हिवाळ्यातील पहाटे १२ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी २८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३१ टक्क्यांच्या आसपास येते, आणि त्यासाठी हवेतून एक थेंबही पाणी काढावे लागत नाही. कोकणात जुलैमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानात फरकच थोडा, म्हणून तिथे ही आयती सवलत मिळत नाही. पान आणि हवा यांच्यात पाण्याची देवघेव सतत चालू असते. हवा कोरडी असेल तर पान पाणी सोडते, हवा दमट असेल तर वाळलेले पान पाणी ओढून घेते, आणि दोघांचे जमले की ती देवघेव थांबल्यासारखी दिसते. आपल्याकडे पापड किंवा चिवडा सादळतो म्हणतात, तो याच देवघेवीचा परिणाम आहे.

खुडणी आणि पसरणी

पानांवर बाहेरचे पाणी जितके कमी असेल तितके काम सोपे होते, म्हणून झाड आदल्या दिवशी सकाळी पाण्याने धुऊन घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी दव पूर्ण उडाल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास पाने खुडावीत. सूर्यास्तानंतर तुळस तोडू नये असे घरोघरी सांगितले जाते. त्यामागील कारण श्रद्धेचे आहे, पण वाळवणाच्या दृष्टीनेही ती शिस्त सोयीची आहे, कारण रात्री खुडलेल्या ओलसर डहाळ्या टोपलीत एकावर एक पडून राहिल्या तर सकाळपर्यंत आतून गरम होऊन काळ्या पडू लागतात. खुडल्यानंतर पाने धुवावीच लागली, तर ती सुती कापडावर पंख्याखाली तासभर निथळू द्यावीत आणि मगच वाळत घालावीत.

वनस्पतीप्रमाणे मांडणी बदलते. पुदिना आणि तुळस यांचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म ग्रंथींत असते; पान चुरगळले की त्या फुटतात आणि हाताला वास लागतो. हाताला लागलेला तो वास बरणीतून वजा झालेला असतो, म्हणून ही पाने वाळेपर्यंत आणि नंतरही शक्य तितकी कमी हाताळावीत. गवती चहाचे तेल पानाच्या आतील पेशींत असते, त्यामुळे त्याची पाती कात्रीने दोन-तीन इंचांचे तुकडे करून वाळवली तरी मोठे नुकसान होत नाही, आणि लांब पातीपेक्षा तुकडे लवकर वाळतात. तुळशीच्या दहा-बारा डहाळ्यांची सैल जुडी बांधून ती उलटी टांगावी. जुडी मुठीएवढी जाड झाली तर तिच्या मध्यभागी हवा पोहोचत नाही आणि बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. मंजिऱ्या शक्यतो वेगळ्या वाळवाव्यात, कारण दाट मंजिरीच्या आतील ओल पानाच्या मानाने फार उशिरा निघते.

टांगण्याऐवजी पसरायचे असेल तर लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून केलेला ट्रे सर्वांत चांगला, कारण त्यात वरून आणि खालून दोन्हीकडून हवा फिरते. सूप किंवा परात वापरली तर खालची बाजू कोंदते आणि पाने दिवसातून दोनदा उलटावी लागतात, म्हणजे पुन्हा हाताळणी आली. वर्तमानपत्रावर पाने पसरणे टाळावे. ओल्या पानांना छपाईची शाई लागू शकते.

पंखा पानांवर थेट रोखू नये. पानाच्या अगदी लगत दमट हवेचा एक पातळ थर साचतो आणि तो हलवत राहणे एवढेच पंख्याचे काम आहे. ते मंद गतीने, भिंतीवर आपटून परतणाऱ्या वाऱ्यानेही होते. थेट जोराचा झोत लागला तर पानाच्या कडा तासाभरात कडक होतात, मात्र देठ आणि शिरा ओल्याच राहतात, आणि वरून वाळल्यासारखे दिसणारे हे पान बरणीत गेल्यावर दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

खोलीला किती पाणी झेपते

एक किलो ताजी तुळस वाळली की तिच्यातून सुमारे ८०० ग्रॅम पाणी बाहेर पडते. ते जाते कुठे, हा विचार फारसा कोणी करत नाही. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत २७ घनमीटर हवा असते. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर ही सगळी हवा बाष्पाने पूर्ण भरेपर्यंत आणखी जेमतेम ३०० ग्रॅम पाणी घेऊ शकते. म्हणजे दारे-खिडक्या बंद करून पंखा लावला तर तुळस अर्धीही वाळायच्या आत खोली न्हाणीघरासारखी होते. पंखा हवा हलवतो, पण ती कोरडी करत नाही. म्हणून बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा खिडकी उघडी हवी, आणि बाहेर पाऊस असेल तेव्हा ती बंद ठेवून आतले पाणी दुसऱ्या मार्गाने काढायला हवे.

बाहेर कधी कोरडे आहे हे अंदाजाने ठरवू नये. घड्याळाएवढा डिजिटल आर्द्रतामापक, म्हणजेच हायग्रोमीटर, आता सहज आणि बेताच्या किमतीत मिळतो. असे दोन घ्यावेत, एक खोलीसाठी आणि एक बरणीसाठी. मात्र स्वस्त यंत्राचा आकडा पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असणे नेहमीचेच आहे, म्हणून वापरण्याआधी ते मिठावर तपासून घ्यावे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे आणि ओल्या वाळूइतके दमट होईल एवढेच पाणी त्यात घालावे. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि आर्द्रतामापक एका लहान बरणीत शेजारी शेजारी ठेवून ती घट्ट बंद करावी आणि १२ ते २४ तास हलवू नये. ओलसर मिठावरील बंद हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते आणि आपल्याकडील नेहमीच्या तापमानांत ती जवळजवळ बदलत नाही. यंत्र ७९ दाखवत असेल, तर ते चार टक्के जास्त दाखवते एवढे चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाठीवर चिकटवावे. प्रयोगशाळेत वापरली जाणारी ही जुनी रीत घरात चिमूटभर मिठावर होते, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

वाळवणाच्या खोलीत ५० ते ६० टक्के आर्द्रता आणि २५ ते ३० अंश तापमान असावे. या हवेत तुळस आणि पुदिना चार ते सात दिवसांत निवांत वाळतो. ७० टक्क्यांवर आर्द्रता गेली की वेग इतका मंदावतो की बुरशीला संधी मिळते. दुसरे टोकही असते. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या बाजूला एप्रिल-मेच्या दुपारी हवा २५-३० टक्क्यांपर्यंत कोरडी होते आणि पान दीड-दोन दिवसांत पापडासारखे मोडू लागते. ते टिकते खरे, पण हात लावला की चुरा होतो आणि चुऱ्यातून सुगंध लवकर जातो. अशा दिवसांत पंखा बंद ठेवावा, जुड्या जवळ जवळ टांगाव्यात आणि दुपारी खिडक्या लावून घ्याव्यात. पानांतून निघणारे पाणीच खोलीची हवा थोडी दमट ठेवते.

काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील काटा हे आर्द्रतामापकाइतकेच महत्त्वाचे साधन आहे. ट्रेचे रिकामे वजन आधी लिहून ठेवावे, मग पानांसह पहिल्या दिवशीचे, आणि नंतर रोज एकदा ठरावीक वेळी वजन घ्यावे. तुळशीच्या ताज्या पानात साधारण ८० टक्क्यांहून थोडे जास्त पाणी असते, पुदिन्यात ८५ टक्क्यांच्या आसपास, तर गवती चहात ७० ते ७५ टक्के. वाळलेल्या पानात दहा टक्के ओल उरावी असे धरले, तर तुळशीचे वजन मूळच्या एक-पंचमांश, पुदिन्याचे एक-षष्ठांश आणि गवती चहाचे तीन-दशांशांच्या जवळपास यायला हवे. अर्धा किलो तुळस वाळून १०० ग्रॅमच्या जवळ आली की ती बरणीच्या तयारीला लागली असे समजावे. जाड देठ काढून टाकले असतील किंवा झाड पाण्यावर अधिक पोसलेले असेल तर हे प्रमाण थोडे हलते, म्हणून ते दिशा दाखवण्यापुरते धरावे.

इथे एक फसवणूक होते आणि मीही सुरुवातीला तिला बळी पडलो. सलग दोन दिवस वजन तेवढेच भरले, म्हणजे पाने वाळली असा माझा समज झाला आणि मी ती बरणीत भरली. तो भाद्रपद होता आणि खोलीतील आर्द्रता ८५ टक्के होती. इतक्या दमट हवेशी जुळवून घेतलेल्या पानात ढोबळमानाने १८ ते २० टक्के पाणी उरते. वजन थांबले होते ते पान कोरडे झाले म्हणून नव्हे, तर हवा याहून अधिक पाणी घ्यायला तयार नव्हती म्हणून. आठ दिवसांत बरणीतील मंजिऱ्यांवर पांढुरकी बुरशी आली. तेव्हापासून वजन स्थिर झाले का, यापेक्षा ते ठरवलेल्या आकड्यापर्यंत उतरले का, हे मी पाहतो.

हाताची परीक्षाही सोबतीला असावी. देठ वाकवला तर तो न लवता कट्कन मोडला पाहिजे. पान बोटांत हलकेच दाबले तर कोरड्या कागदासारखा आवाज यावा. गवती चहाच्या पातीची मधली शीर शेवटपर्यंत चिवट राहते, म्हणून तिथेच मोडून पाहावे. पावसाळ्यात ही परीक्षा घरातील हवेत घेतली तर पाच-दहा मिनिटांतच पान पुन्हा लवचिक वाटू लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात हवा कोरडी करण्याचे मार्ग

बाहेर ९० टक्के आर्द्रता असताना करता येण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत. एक तर हवेतून पाणी काढायचे किंवा हवा तापवून तिची तहान वाढवायची.

वातानुकूलित खोली पहिल्या प्रकारात मोडते. यंत्राच्या थंड नळ्यांवर बाष्पाचे पाणी होऊन ते बाहेर ठिबकते आणि खोली २४-२५ अंशांना ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे वाळवणाला हवी तशीच. निजायच्या खोलीत रात्री यंत्र चालणारच असेल, तर कपाटाच्या वर जाळीचे ट्रे ठेवावेत. सकाळी यंत्र बंद केल्यावर ते तसेच उघडे न ठेवता झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या डब्यात घालावेत आणि रात्री पुन्हा काढावेत. हे थोडे किचकट आहे, परंतु दिवसा ओल परत शिरू न देणे हेच इथले निम्मे काम आहे. हवेतील ओल काढणारे डीह्युमिडिफायर हे यंत्र हेच काम अधिक नेटकेपणाने करते, मात्र वर्षातून दोन-चार किलो पानांसाठी ते विकत घ्यावे असे मी सुचवणार नाही.

दुसरा मार्ग उष्णतेचा. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा ३८ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ५३ टक्क्यांच्या जवळ येते. दहा अंशांत एवढा फरक पडत असल्यामुळे पावसाळ्यातही पान वाळवता येते. तापमान बदलता येणारा फूड डिहायड्रेटर असेल तर तो ३५ ते ४० अंशांवर ठेवावा. त्याच्यावर गेलो तर वेळ वाचतो, पण सुगंधी तेल हवेबरोबर निघून जाते आणि घरभर पसरलेला छान वास म्हणजे आपलेच नुकसान असते. मायक्रोवेव्ह आणि कडक तापलेला तवा याच कारणासाठी वर्ज्य समजावा. यंत्र नसेल तर जुन्या लाकडी कपाटात तळाशी आणि वर हवेची भोके पाडून, खाली ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावूनही काम भागते. एलईडी दिव्याला पुरेशी उष्णता नसते. दिव्यावर, त्याला न चिकटता, पत्र्याचे आडोसे बसवावे, जेणेकरून सुटलेले पान त्याच्यावर पडणार नाही, सर्वांत खालचा ट्रे दिव्यापासून किमान फूटभर वर ठेवावा आणि कपाटात तापमापक टांगून पहिल्या दिवशी तासातासाने पाहावे. घरात कोणी जागे नसताना हा दिवा चालू ठेवू नये. वरची भोके बुजली तर बाष्प आतच अडकते आणि उष्ण, दमट हवेत पाने शिजल्यासारखी काळी होतात.

या उबेतून काढलेली पाने गार होण्यासाठी उघड्यावर ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. पातळ, कोरडे पान ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत तासाभरात बरेचसे सादळते आणि आदल्या रात्रीची वीज वाया जाते. पाने कोमट असतानाच बरणीत भरावीत आणि झाकण लावावे. ती खरोखर वाळलेली असतील तर बरणीला आतून घाम येत नाही. घाम आलाच, तर पान अजून ओले आहे हे आपोआप कळले.

बरणीत मुरताना

वाळवण इथे संपत नाही. एकाच ट्रेवरील पाने सारखी वाळलेली नसतात. देठालगतचा भाग, मंजिरी, जाड शिरा यांत ओल जास्त असते आणि पानाच्या कडेला कमी. बंद बरणीत ही ओल हळूहळू सगळीकडे सारखी पसरते. शिवाय ताज्या वाळलेल्या पानाला कापलेल्या गवताचा जो हिरवट वास येतो, तो दोन-तीन आठवड्यांत मागे पडतो आणि तुळशीचा लवंगेकडे झुकणारा किंवा गवती चहाचा लिंबाचा वास पुढे येतो. लोणच्यासारखे पानालाही मुरू द्यावे लागते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

काचेची, रबरी कड असलेल्या झाकणाची बरणी घ्यावी आणि ती तीन-चतुर्थांश भरावी. पाने दाबून बसवू नयेत. मिठावर तपासलेला आर्द्रतामापक पानांच्या वर ठेवून झाकण लावावे आणि २४ तासांनी आकडा वाचावा. हा आकडा म्हणजे पानाने आपल्याभोवतीच्या हवेशी केलेला करार असतो आणि पानातील ओलीविषयी याहून खात्रीलायक माहिती घरात दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. ६० टक्क्यांच्या खाली कोणतीही बुरशी किंवा जिवाणू वाढत नाही, आणि बहुतेक बुरशी ७० टक्क्यांच्या वर जोर धरते. म्हणून ५० ते ५८ या पट्ट्यात आकडा स्थिर राहिला तर बरणी उत्तम जमली. ६० ते ६५ असेल तर पाने बाहेर काढून कोरड्या हवेत दोन-तीन तास पसरावीत आणि पुन्हा भरून दुसऱ्या दिवशी पाहावे. ६५ च्या पुढे गेला तर ती वाळलेलीच नाहीत असे समजून पूर्ववत ट्रेवर घालावीत, आणि ७० च्या पुढे असेल तर हे त्याच दिवशी करावे, उद्यावर टाकू नये. ४५ च्या खाली आकडा आला तर बुरशीची भीती नाही. पाने ठिसूळ असतील एवढेच, त्यामुळे बरणी आपटू नये.

बरणी रोज पाच मिनिटे उघडून "श्वास घेऊ द्यावी", म्हणजे ओल निघून जाते, असा सल्ला वारंवार दिला जातो. तो आकड्यांवर टिकत नाही. एक लिटरच्या बरणीत २८ अंशांना ६५ टक्के आर्द्रतेची हवा असेल आणि झाकण उघडून ती बाहेरच्या ५० टक्क्यांच्या हवेने पूर्ण बदलली, तरी बाहेर पडते ते पाणी सुमारे ४ मिलिग्रॅम. १०० ग्रॅम पानांची ओल १३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायची तर साधारण ३३०० मिलिग्रॅम पाणी काढावे लागते, म्हणजे ती बरणी आठशेहून अधिक वेळा उघडावी लागेल. हाच हिशेब उलट बाजूनेही दिलासा देतो. पावसाळ्यात चहासाठी चिमूटभर पाने काढताना जी दमट हवा आत शिरते, तिच्यात एका वेळी १०-१५ मिलिग्रॅमच जादा पाणी असते, तेव्हा त्याची धास्ती बाळगू नये. ओल काढायची असेल तर पाने बाहेर काढून पसरावी लागतात; उघड्या तोंडाची बरणी ओट्यावर तासन्‌तास ठेवली तर वरचा थर वाळतो किंवा सादळतो आणि तळ तसाच राहतो. बाहेरची आर्द्रता बरणीतील आकड्यापेक्षा जास्त असताना तर पाने पसरण्यात काहीच अर्थ नाही, म्हणून आधी खोलीतील मापकाकडे पाहावे. बरणी रोज एकदा हलक्या हाताने आडवी फिरवावी, एवढे मात्र पहिला आठवडाभर करावे, म्हणजे तळाशी ओल साचत नाही आणि एकमेकांना चिकटणारी पाने लगेच दिसतात.

आकडा ६० च्या किंचित वर अडून बसला आणि बाहेर सतत पाऊस असेल, तर सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात. खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्याच पुड्या घ्याव्यात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते अन्नाजवळ नको. वापरलेल्या पुडीतील दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना तास-दोन तास तापवले की पुन्हा कोरडे होतात, मात्र पुडीचे कापड किंवा कागद ते तापमान सोसणारा नसेल तर दाणे बाहेर काढून तापवावेत. पुडी बरणीत कायम ठेवू नये, कारण ती थांबायचे कुठे हे जाणत नाही आणि पाने ३० टक्क्यांपर्यंत कोरडी करून ठेवते. मिठाच्या डबीत तांदूळ टाकण्याची जुनी युक्ती इथे चालत नाही. तांदूळ ओल ओढतो, पण फार थोडी. कपाटात टांगायचे ओलशोषक, ज्यांत खाली पाणी साचते, ते पानांच्या बरणीत कधीही घालू नयेत.

बरणीचे झाकण घट्ट आहे की नाही, हेही पावसाळ्यातच तपासून घ्यावे. रिकाम्या, कोरड्या बरणीत सिलिका जेलने आकडा ३५-४० पर्यंत आणावा, पुडी काढून घ्यावी आणि आर्द्रतामापकासह बरणी दोन दिवस बंद ठेवावी. आकडा ६०-७० कडे चढत गेला तर ते झाकण शोभेचे आहे. स्टीलचे साधे डबे या परीक्षेत बहुधा नापास होतात. पातळ प्लास्टिकच्या डब्यांतून ओल फारशी शिरली नाही तरी सुगंध हळूहळू बाहेर जातो, म्हणून काच बरी. काच पारदर्शक असेल तर बरणी बंद कपाटात, गॅसच्या शेगडीपासून आणि फ्रीजच्या मागील उबेपासून लांब ठेवावी.

बुरशी आणि कीड

तुळशीच्या देठावर आणि कोवळ्या पानांवर मुळातच बारीक पांढरी लव असते आणि नवख्याला ती बुरशी वाटू शकते. लव सगळीकडे सारखी, आखूड आणि देठाला काटकोनात उभी दिसते. बुरशी ठिपक्या-ठिपक्यांनी, कोळ्याच्या जाळ्यासारखी गुंतलेली असते आणि बरणी उघडताच जुन्या, बंद खोलीसारखा कुबट वास येतो. असा वास आला की संपूर्ण बरणी टाकून द्यावी. खराब पाने निवडून काढणे किंवा सगळी पुन्हा उन्हात घालणे उपयोगाचे नाही, कारण बुरशी मेली तरी काही बुरशींनी तयार केलेली विषे, उदाहरणार्थ अफ्लाटॉक्सिन, उन्हाने किंवा चहाच्या उकळीने जात नाहीत. शंभर ग्रॅम तुळशीसाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण नाही.

नीट वाळलेल्या पानांनाही कधी कधी तांबूस, तिळाएवढे भुंगेरे लागतात. पाने भरल्यावर बरणी आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवली तर त्यांची अंडी आणि अळ्या मरतात. मात्र फ्रीझरमधून काढलेली बरणी लगेच उघडू नये. थंड पानांवर खोलीतील दमट हवेचे पाणी होते, जसे उन्हाळ्यात थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, आणि तीन आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत ओली होते. बरणी न उघडता रात्रभर ओट्यावर राहू द्यावी, सकाळी बाहेरून पुसावी, आर्द्रतामापक आत ठेवून पुन्हा २४ तासांनी आकडा पाहावा आणि मगच झाकणावर वनस्पतीचे नाव, बरणी भरल्याची तारीख आणि तो आकडा लिहून ती कपाटात लावावी.